कोणालाही वगळलेलं नाही

५ जानेवारी

आल्या. गोळ्या आल्या!

लोखंडी पेटीतून, दोन कुलपांत, दोन पोलिसांच्या पहाऱ्यात. एक किल्ली फार्मासिस्टबाईंकडे, दुसरी माझ्याकडे. दोघींनी एकदमच फिरवायच्या असा नियम, आणि आम्ही तीनदा चुकलो तेव्हा पोलीस हसायला लागले. पेटीत निघालं काय, तर दोन पांढऱ्या बाटल्या आणि ढीगभर कापूस.

या दोन बाटल्यांपायी माझं अर्धं आयुष्य गेलं. तरुणपणी पुलाखाली बसून व्यसनी पोरांना स्वच्छ सुया वाटल्या. मग सरकारी खुर्चीत बसून धोरणांचे मसुदे लिहिले, ते कपाटात जाताना पाहिले, पुन्हा लिहिले. ‘व्यसन हा गुन्हा नाही, आजार आहे’ हे वाक्य मी इतक्या सभांत बोलले आहे की जेवताना कुणी मीठ मागितलं तरी तोंडातून तेच निघेल. आणि आता पन्नाशी उलटल्यावर स्वतःची चाचणी! अळंब्यांत सापडणारं सायलोसायबिन, प्रयोगशाळेत शुद्ध बनवलेलं. एक दिवस, एक गोळी, आणि वर्षानुवर्षं दारू न सुटलेली माणसं.

नवरा म्हणाला, “अळंबी आणायला पोलीस? भाजीवाला हसेल ना तुम्हाला.” हसू दे. आज सगळ्यांना माफी.

९ जानेवारी

काल आईकडे गेले होते. म्हणजे आई आणि दादाकडे. आईनं दारातच विचारलं, “आली का गं ती गोळी?” आली म्हटल्यावर तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दादाच्या खोलीकडे बघितलं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. एके काळी नकाशे काढायचा, अख्ख्या शहराची गटारं त्याच्या पेन्सिलीतून वाहिली आहेत असं तो स्वतःच म्हणतो. आता सकाळी अकराला त्याचा पहिला पेला सुरू होतो. तीन वेळा इस्पितळात ठेवून झालं. यकृताचे डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना नजर चुकवतात.

“चिमणे, आमचा नंबर कधी?” दादानं विचारलं.

“चाचणीत नातेवाईक चालत नाहीत दादा.”

“कुठल्या गाढवानं केला हा नियम?”

“मीच केलाय.” तो हसत सुटला, मग खोकला लागला. आता सगळं या चाचणीवर आहे. खऱ्या गोळीवाल्यांची दारू नुसत्या साखरेच्या खोट्या गोळीवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली, तर परवाना समिती इस्पितळाला हे औषध उघडपणे द्यायची मुभा देईल. मग नात्यागोत्याची अट नाही, माझ्याऐवजी दुसरे डॉक्टर बसले की झालं. नाही झाली कमी, तर पेटीला कुलूप आणि दादाला काही नाही. हे मी टीममध्ये कुणालाच बोललेले नाही. इथे लिहिते आहे.

१५ जानेवारी

खोली तयार झाली. जुनी रेकॉर्ड रूम. फायली हलवल्या, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, एक रुंद पलंग, मऊ दिवा, जाड पडदे, समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ. माणूस गोळी घेणार, डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, त्यात आम्ही निवडलेलं संगीत, आणि दिवसभर पडून राहणार. पलंगाशेजारी दोन खुर्च्या. एकीवर सिस्टर, दुसरीवर मी. आमचं काम म्हणजे नुसतं बसणं. समजावायचं नाही, अर्थ सांगायचा नाही, ‘कसं वाटतंय’ असंसुद्धा विचारत राहायचं नाही. घाबरला तर हात धरायचा.

आज सराव केला. नवरा पलंगावर पडला (पाच मिनिटांत घोरायला लागला, त्यासाठी त्याला औषध लागत नाही) आणि मी गप्प बसले. किंवा बसायचा प्रयत्न केला. अर्धा तास झाला असेल-नसेल, माझ्या तोंडून निघालं, “उशी हवी का दुसरी?”

“मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “त्यांनी मागितली का?”

सिस्टर शांत बाई आहेत. भूलविभागात खूप वर्षं काढली. माझ्यासारखी तोंडाळ बाई आणि त्यांच्यासारखी मुखस्तंभ, ही जोडी जमली तर जमली.

२४ जानेवारी

पहिली फेरी जोरात! आज आमचा निवेदक आला होता. आम्ही टीममध्ये कुणाचं नाव घेत नाही, धंद्यावरूनच बोलतो. हा रेडिओवर बातम्या आणि जाहिराती वाचणारा. आवाज असा की सर्दीचं औषध मागितलं तरी घोषणा वाटावी.

गोळी घेतल्यावर तासाभरात त्यानं जे सुरू केलं! “मी वितळतोय… सगळं एकच आहे… मला आई दिसते आहे, ती प्रकाशाची आहे…” मध्ये रडला, मध्ये हसला, शेवटी पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, “डॉक्टर, मी आता तो माणूस राहिलो नाही.” माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर ज्याच्याबद्दल वाचलं ते डोळ्यांसमोर घडत होतं.

ही अंध चाचणी आहे. कुणाला खरी, कुणाला खोटी, हे फक्त फार्मासिस्टबाईंना माहीत, आणि त्यांचं पाकीट त्यांच्या तिजोरीत. आम्ही ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही असा दंडक आहे, कारण एकदा मनात शिक्का बसला की माणूस तसंच बघतो. पण देवाशप्पथ, निवेदकाला ओळखायला पाकीट कशाला हवं? ही खरी नसेल तर मी डॉक्टर नाही.

सिस्टर म्हणाल्या, “ओळखायचं नाही ठरलंय ना मॅडम?” आणि रक्तदाबाचे आकडे लिहून निघून गेल्या.

३ फेब्रुवारी

घड्याळजींची तयारीची बैठक. घड्याळं दुरुस्त करणारा साठीचा माणूस, बारीक, ताठ, इस्त्रीचा शर्ट. दारूनं हात थरथरायला लागले म्हणून दुकान बंद पडलं. बायको मुलीकडे राहायला गेली. हे सगळं त्यांनी असं सांगितलं जणू शेजाऱ्याचं चाललंय.

मी नियम समजावले. पट्टी, हेडफोन, घाबरलात तर हात. आणि शेवटचा, जो मी सगळ्यांना सांगते: “तुम्हाला कुठली गोळी मिळाली असेल याचा अंदाज आला, तर तो आम्हाला सांगायचा नाही. आमचं मन कोरं राहिलं पाहिजे.”

“म्हणजे काहीच सांगायचं नाही?”

“त्यावरून काही कळेल असं काहीही नाही.”

“बरं,” ते म्हणाले. डोळे मिटून मनात एकदा घोकल्यासारखं केलं. “लक्षात राहील.”

६ फेब्रुवारी

आजचा दिवस पाण्यात.

घड्याळजींनी गोळी घेतली, पडले, आणि तासाभरात पट्टी काढली. हेडफोनही काढले. म्हणाले, “नको हे.” सिस्टरनी एकदा पट्टी पुढे केली, त्यांनी मान हलवली. मग दिवसभर उघड्या डोळ्यांनी पडून राहिले. आधी छताकडे, मग पडद्याकडे. नंतर स्वतःचा उजवा हात तोंडासमोर धरून कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसले. बिचारे कंटाळले असणार. मलाही जांभया येत होत्या.

दुपारी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, उशी ओली झाली. एसीची हवा थेट तोंडावर येत होती. मी उठून बंद केला. सिस्टरनी माझ्याकडे वळून असं काही पाहिलं की जणू मी देवळात शिट्टी वाजवली.

एकदाच बोलले. म्हणाले, “डॉक्टरबाई, तुमचं घड्याळ थांबलंय.” मी जाऊन बघितलं, चांगलं चालू होतं. शेवटी धंद्याची खोड. खरीखुरी गोळी मिळालेल्या माणसाला घड्याळं तपासायची फुरसत असती होय? संध्याकाळी उठले, चहा मागितला, कप दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्यायले. “कसा गेला दिवस?” विचारलं तर म्हणाले, “गेला.” नमस्कार केला आणि गेले.

खोटी गोळी. शंभर टक्के. असेही लोक हवेतच, त्यांच्याशिवाय तुलना कशी होणार? पण दिवसभर खुर्चीत बसून पाठ गेली.

२८ फेब्रुवारी

सगळ्यांच्या फेऱ्या संपल्या. कुणाला काही झालं नाही, कुणी पडलं नाही, कुणी पळून गेलं नाही. नवऱ्यानं केक आणला. आता वाट बघायची. ठरलेल्या मुदतीनं सगळ्यांच्या रक्ततपासण्या, त्या वेगळ्या विभागात होतात. मग हिशेब, मग पाकीट, मग समिती.

माझ्या मनात हिशेब झालेलाच आहे. आपण जिंकणार.

१९ मे

रिपोर्ट आले. मी जिन्यातच लिफाफा फोडला.

बहुतेकांचं ठीकठाक. पण निवेदक पुन्हा पितो आहे, पूर्वीइतकंच. ‘तो माणूस राहिलो नाही’ म्हणे! आणि घड्याळजी? एक थेंब नाही. फेब्रुवारीपासून आजपर्यंत रक्तात दारूचा मागमूस नाही. सगळ्यांत स्वच्छ रिपोर्ट त्यांचा.

म्हणजे माझा खऱ्या गोळीवाला बुडाला आणि माझा खोट्या गोळीवाला तरला.

मी जिन्यातच बसले. एक माणूस दारूतून बाहेर आला आणि मला रडू येत होतं. दुःखानं. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण खोटं कशाला लिहू?

२० मे

आकडेशास्त्री आला. आमचा संख्याशास्त्रज्ञ, वय तिशीचं, चेहरा सत्तरीचा. मी त्याला घड्याळजी-निवेदकाबद्दल माझा अंदाज सांगितला नाही, एवढा नियम पाळला. आडून विचारलं, “समज, एखाद-दुसरा उलटा निघाला तर?”

“एवढ्याशा चाचणीत? एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी फरक पुसला जाईल,” तो म्हणाला. मग फाइल पुढे सरकवली. “पाकीट उघडायच्या आधी एक राहिलंय. घड्याळजींचा दिवस. पट्टी आणि हेडफोन बराच वेळ काढलेले होते. आपल्याच नियमांप्रमाणे तुम्ही त्यांचा दिवस ‘अपूर्ण’ ठरवून त्यांना हिशेबातून वगळू शकता. सही तुमची एकटीची. पण काय ते आधी ठरवा. पाकीट उघडल्यावर मी ऐकणार नाही.”

नियमात बसतं! कुणी बोट ठेवू शकणार नाही. मी पेन उघडलंसुद्धा. मग म्हटलं, दोन दिवस दे.

तो गेल्यावर सिस्टरना विचारलं, “तुमच्या मते घड्याळजींचा दिवस पूर्ण होता का?”

“मला जे वाटलं ते सांगितलं तर अंदाज सांगितल्यासारखं होईल मॅडम,” म्हणाल्या. धन्य ती बाई. विचारून उपयोग नाही.

२१ मे

नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, त्याचं जग सरळ. पाइप गळतो किंवा गळत नाही.

“त्या माणसानं दारू सोडली?”

“हो.”

“आणि तू त्याला मोजणार नाहीस?”

“नियमात बसतं रे.”

“बसतं ना, मग सही कर. अडलंय कुठं?”

अडलंय हे त्यालाही दिसत होतं. वर चहाही मलाच करायला लावला.

२२ मे

दादाकडे गेले. कातडी पिवळी पडली आहे. आई स्वयंपाकघरात होती तेव्हा मी नाव-गाव न सांगता त्याला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. बहुतेक त्यानं ‘कर’ म्हणावं म्हणून.

तो ऐकत होता. पेला होताच हातात. मग म्हणाला, “म्हणजे तो माणूस बाजूला काढला की मला गोळी मिळते.”

“तसं थेट नाही…”

“तसंच आहे. चिमणे, मी दारुडा आहे, मठ्ठ नाही. मी नकाशे काढायचो ना, तेव्हा एकदा साहेबानं सांगितलं होतं, ही एक विहीर दाखवू नकोस, रस्ता सरळ जाईल. रस्ता कागदावर सरळ गेला असता गं. पण विहीर तिथेच होती.” खोकला. “तू त्याला खुशाल काढ. पण माझ्यासाठी काढलं असं मला कधी ऐकवायचं नाही. ते ओझं घेऊन मला प्यावंही लागेल जास्त.”

मी चिडले. तावातावानं म्हटलं की तुझ्याचसाठी चाललंय सगळं, आणि तुला तुझ्या जिवाचं काही नाही. तो म्हणाला, “आहे ना. म्हणून तर.” मी दार आपटून आले. गाडीत बसल्यावर भोकाड पसरलं.

२३ मे, सकाळ

घड्याळजी तपासणीला आले होते, मी त्यांना मुद्दाम बाहेरूनच पाहिलं. बाकावर बसून शेजारच्या आजींचं मनगटी घड्याळ उघडून बघत होते. नखाएवढं झाकण डाव्या तळव्यावर, उजव्या हातात चिमटा. हात स्थिर होता. इतका स्थिर की मला त्यांचं काम दिसत नव्हतं, नुसता हात दिसत होता.

या माणसाला मी ‘अपूर्ण’ लिहायचं?

खोटी गोळी तर खोटी गोळी. खोट्या गोळीनं सुटली, खुर्चीत दोन बायका बसल्या म्हणून सुटली, की मुलीच्या आठवणीनं सुटली, मला काय माहीत. सुटली हे खरं. ते हिशेबात आलंच पाहिजे, मग हिशेब माझ्यावर उलटला तरी. दादा, मला माफ कर. नाही, माफ नको करूस. तू आधीच सांगितलं होतंस.

कागदावर लिहिलं: ‘पूर्ण. समाविष्ट.’ खाली सही केली आणि आकडेशास्त्र्याच्या टेबलावर तो कागद नेऊन आपटला. तो पहिल्यांदा हसला. त्याला दात आहेत हे आज कळलं.

२६ मे

पाकीट उघडलं!

फार्मासिस्टबाईंची खोली, चार खुर्च्या, पंख्याचा आवाज. आकडेशास्त्री एकेक नाव आपल्या यंत्रात टाकत होता, मी टेबलाची कड धरून बसले होते. मनात भाषण तयार होतं: निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, तरी विज्ञानात अपयशही मोलाचं असतं वगैरे. बोलताना आवाज फुटू नये एवढीच काळजी.

“निवेदक,” फार्मासिस्टबाई वाचत होत्या. “खोटी.”

“काय?”

“खोटी. साखर.”

“अहो नीट बघा. त्याला आई दिसली होती. प्रकाशाची!”

“साखरेतच दिसली असणार,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा पहिला विनोद, माझ्या देखत.

“घड्याळजी. खरी.”

मी उठले, खुर्ची पडली. मग मी त्यांच्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचला, मग पुन्हा वाचला, मग सिस्टरना मिठी मारली. त्या लाकडासारख्या उभ्या होत्या आणि रडत होत्या. आकडेशास्त्री म्हणाला, “बसा, बसा, अजून संपलेलं नाही.” शेवटी यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. दोन रेषा. मधलं अंतर आंधळ्यालाही दिसावं एवढं.

“आणि घड्याळजींना काढलं असतं तर?” मी विचारलं.

त्यानं एक कळ दाबली. अंतर आक्रसलं. “तर समितीसमोर ‘कदाचित’ म्हणावं लागलं असतं,” तो म्हणाला.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. त्याच पायरीवर. आपण किती शहाण्या आहोत याचा मला जन्मभर अभिमान होता, आणि आज एवढी मोठी मूर्ख ठरून मला नाचावंसं वाटत होतं. नाचलेही थोडी. झाडूवाल्या मावशींनी पाहिलं. पाहू दे.

३० मे

भाग घेतलेल्यांना आता सांगायची मुभा आहे. घड्याळजींना बोलावलं. मी म्हटलं, “तुम्हाला खरी गोळी मिळाली होती.”

“हो,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“डॉक्टरबाई, माझ्या हातातलं प्रत्येक हाड मला दिसत होतं. आतून. चाळीस वर्षं ज्या हातानं काम केलं त्याची मी काय दशा केली, ते त्या हातानंच मला सांगितलं. हे कळणार नाही होय?”

“मग बोलला का नाहीत काहीच? दिवसभर?”

ते बुचकळ्यात पडले. “तुम्हीच म्हणाला होतात ना. त्यावरून काही कळेल असं काहीही सांगायचं नाही. फार जड गेलं. तोंडावर हात ठेवावा लागला एक-दोनदा. पट्टीखाली तर बोलूनच गेलो असतो, म्हणून पट्टी काढली.”

मी आयुष्यभर लोकांना नियम समजावत आले. पहिल्यांदा कुणी माझा नियम शब्दशः पाळला, आणि मी त्याला रिकामा समजले!

जाताना म्हणाले, “एसी बंद केलात ते बरं केलंत. जरा गारठा होताच.” कुणाच्याही भावना दुखवायच्या नाहीत असा माणूस.

१७ जून

परवाना समिती. लांब टेबल, हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या. मधोमध अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती. या गृहस्थांनी माझे तीन मसुदे फेकून दिलेत. एकदा तर म्हणाले होते, “डॉक्टर, नशेवर नशेचा उतारा हे मला माझ्या नातवालाही पटवता येणार नाही.”

मी आकडे मांडले. रेषा दाखवल्या. ते चष्म्यावरून बघत होते. मग अहवाल मिटवला आणि म्हणाले, “हे सगळं मी काल वाचलं. मला एकच विचारायचं आहे. लहान चाचण्या घेऊन इथे जो तो येतो, आणि जो तो नियमात बसवून दोन-चार माणसं बाजूला काढून येतो. ज्यांच्यामुळे आकडा बिघडतो, नेमकी तीच. तुम्ही कोणाला वगळलंत?”

आकडेशास्त्र्यानं माझ्याकडे पाहिलं.

“कोणालाही वगळलेलं नाही,” मी म्हटलं.

“एकालाही नाही?”

“एकाला वगळता आलं असतं. नियमात बसत होतं. पाकीट उघडायच्या आधी, त्याच्यामुळे आम्ही हरणार असं मला वाटत असताना, मी त्याला आत ठेवलं. तारीख आणि सही पाहू शकता.”

त्यांनी पाहिली. खूप वेळ पाहिली. मग चष्मा काढला. “तुमच्या औषधाबद्दल माझं मत अजूनही नीट बनलेलं नाही,” ते म्हणाले. “तुमच्याबद्दल बनलं. समितीनं मान्यता द्यावी असं मी सुचवतो.”

हात वर झाले. एकेक करत सगळे! मी आभाराचं भाषण पाठ करून गेले होते, त्यातला एक शब्द आठवेना. “थँक्यू” म्हणाले आणि पाण्याची बाटली उचलून घटाघटा पाणी प्याले, तीही न्यायमूर्तींची.

आईला फोन केला. तिनं फक्त “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला नाही. मीही नाही.

७ ऑगस्ट

आज दादाचा दिवस. यकृताच्या डॉक्टरांनी कुरकुरत का होईना परवानगी दिली. आठवडाभर आधी दारू थांबवलेली, त्याचे हाल लिहीत नाही.

खोलीच्या दारापर्यंत मीच घेऊन गेले. पुढे मला जाता येत नाही, नियम. (गाढवाचा.) सिस्टर आत होत्या, शेजारी नवे डॉक्टर. दादा उंबऱ्यात थांबला. एवढा वाळला होता की शर्ट खांद्यावरून घसरत होता.

“चिमणे, भीती वाटते गं,” म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

मला हजार गोष्टी बोलायच्या होत्या. त्याचा हात धरला. मग सिस्टरनी तो माझ्या हातातून आपल्या हातात घेतला आणि दार लागलं.

मी आणि आई बाहेर बाकावर. सकाळपासून. आत काय चाललंय याचा एक आवाज येईना. मी अंदाज बांधला नाही, शपथेवर सांगते. आईनं डबा आणला होता, तो तिनंही उघडला नाही, मीही नाही. ऊन खिडकीतून आलं, फरशीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं. मध्ये आई म्हणाली, “तू इतकी गप्प कधी बसली नव्हतीस.”

उन्हं कलल्यावर दार उघडलं. दादा सिस्टरच्या खांद्याला धरून आला. चेहरा सुजलेला, डोळे लाल, केस विस्कटलेले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो, विचारायची हिंमत कुणालाच होईना.

“आई,” तो म्हणाला, “भूक लागली आहे मला.”

कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. पुढ्यात ठेवलेलं तो चिवडायचा आणि सारून द्यायचा. आईचे हात डब्याच्या झाकणावर घसरायला लागले, निघेना ते, म्हणून मी काढून दिलं. तो बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये बसला आणि जेवला. सगळं संपवलं. उरलं आहे का विचारलं.